वहीला खर्चाची बाजूही हवी

बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पानं घालायचा निर्णय मार्च २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो रद्दही झाला. दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार-चार भाग करायचे, धड्यामागे ‘माझी नोंद’ म्हणून एखाद-दुसरं कोरं पान द्यायचं, म्हणजे वेगळी वही लागणार नाही आणि दप्तर हलकं होईल, असा तो बेत होता. त्यावर आम्ही शिक्षक बोललो, पालक बोलले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. दप्तर किती हलकं झालं? पुस्तकं किती महागली? मुलं तरीही वह्या आणतातच, मग ही पानं कशाला? सगळा वाद किलोत आणि रुपयांत झाला. त्या पानावर मुलाने लिहायचं काय आणि लिहिलेलं वाचायचं कोणी, हा प्रश्न मी एकाही बैठकीत ऐकला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ती पानं गेली याची मला हळहळ नाही. जशी आली तशी ती जाणारच होती. पण ‘मुलं वापरत नाहीत, वजनही कमी झालं नाही’ म्हणून ती गेली, आणि मुलं का वापरत नाहीत हे कोणी विचारलं नाही, याची मला फार चुटपुट लागून राहिली आहे. मुलाच्या वहीत एक बाजू त्याची स्वतःची हवी, असं माझं ठाम मत आहे. शिकवलेल्याचं त्याने पुढे काय केलं ते जिथे दिसेल, अशी बाजू. ती नसेल तर वही तपासणीच्या दिवशी दाखवायला कामाला येते, शिकायला येत नाही.

शाळेच्या आधी वही पेढीवर होती. कीर्दीला, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीला, दोन बाजू, एक जमेची आणि एक खर्चाची. संध्याकाळी दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय दिवाणजी उठत नसत. नुसती जमाच मांडलेली वही पुढे ठेवणाऱ्याला कुठल्या मालकाने दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं असतं? आपल्या शाळेतली वही मात्र नेमकी तशी आहे. तिच्यात जे येतं ते सगळं बाहेरून येतं: फळ्यावरून, पुस्तकातून, आणि पाचवीपासून पुढे गाईडमधून. त्यातलं मुलाने काय खर्ची घातलं, कुठे अडलं, काय भलत्याच खात्यात मांडलं, याला पानावर जागाच नाही. अमेरिकेतल्या शाळांत ‘इंटरॲक्टिव्ह नोटबुक’ नावाची पद्धत बरीच वर्षं चालते. तिचा गाभा एवढाच आहे. उघडलेल्या वहीचं उजवं पान शिक्षकांकडून आलेल्या गोष्टींसाठी: व्याख्या, सोडवलेलं उदाहरण, आकृती, नकाशा. डावं पान मुलासाठी: तीच गोष्ट आपल्या शब्दांत, चित्र, शंका, घरी पाहिलेलं, न पटलेलं. दोन्ही पानं एकाच वेळी डोळ्यांपुढे राहतात. माझ्या वर्गात मी तिला जमाखर्चाची वही म्हणते. आमच्या गावातल्या मुलांना ते नाव समजावून सांगावं लागत नाही, किराणा दुकानातली वही त्यांनी पाहिलेली असते.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एक पान दाखवते. पाचवीला अपूर्णांकांची बेरीज चालू होती. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी फळ्यावर छेद समान करून दाखवले, ३/६ अधिक २/६, उत्तर ५/६. वर्गातल्या सगळ्या वह्यांच्या उजव्या पानावर ५/६ आलं. एरवी मी बरोबरच्या खुणा करून पुढच्या उदाहरणाकडे वळले असते. त्या दिवशी डाव्या पानावर एवढंच करायला सांगितलं होतं, की हीच बेरीज घरातल्या एखाद्या वस्तूवर दाखवा. एका मुलीने दोन भाकऱ्या काढल्या होत्या. एकीचे दोन भाग करून एक भाग पेन्सिलीने गडद, दुसरीचे तीन भाग करून एक गडद. खाली लिहिलं होतं, ‘हिच्यातला १ तुकडा आणि तिच्यातला १ तुकडा मिळून २ तुकडे. सगळे तुकडे ५. म्हणून २/५.’ उजवीकडे ५/६, डावीकडे २/५, दोन्ही त्याच मुलीच्या वळणदार अक्षरात. मी चूक-बरोबर काहीच केलं नाही. बाजूला पेन्सिलीने विचारलं, ‘२/५ भाकरी जास्त की अर्धी?’ दुसऱ्या दिवशी त्याखाली तिसरी भाकरी आली होती, पाच भाग केलेली, दोन रंगवलेली. ‘२/५ अर्ध्यापेक्षा कमी आहे. मग अर्ध्या भाकरीत अजून भाकरी घातली तर ती कमी कशी झाली? माझं कुठंतरी चुकलंय.’ पुढच्या तासाला छेद समान का करायचे हे मला सांगावं लागलं नाही. तीच उभी राहून म्हणाली, तुकडे सारखे नसतील तर मोजायचे कसे?

वीस वर्षांहून जास्त काळ मी हा धडा शिकवत आले आहे. त्यातली बरीच वर्षं उजव्या पानावरचं ५/६ पाहून मी समाधानाने सही केली. त्या सह्यांखाली किती मुलांचे २/५ झाकून राहिले असतील, याचा विचार आजही मनातून जात नाही. ती मुलं सहावीत गेली, सातवीत गेली, आणि ‘गणित कच्चं आहे’ असा शेरा त्यांच्या कपाळी बसला. कच्चं काय होतं? त्यांचं गणित, की त्यांच्या डोक्यातलं गणित मला दाखवू न शकणारी वही?

श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमला ओट्यावर पाटी घेऊन बसत. कागद परवडत नसे. सगळी आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि हाती लागलेलं सूत्र तेवढं वहीत उतरवायचं. त्या वह्यांत हजारो सूत्रं आहेत, पण त्यांच्या सिद्धता जवळपास नाहीतच. ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने एकेक सूत्र घेऊन ते सिद्ध करण्याचं काम अंगावर घेतलं. त्याचे पाच खंड झाले, पाचवा निघाला १९९८ मध्ये. रामानुजन यांना आपली वाट माहीत होती, म्हणून त्यांचं अडलं नाही. वाट पाटीवरून पुसली गेल्यामुळे मागून येणाऱ्यांचं अडलं. आपल्या पाचवीतल्या मुलाचं तर स्वतःचंच अडतं, कारण उत्तर फळ्यावरचं आहे आणि वाट कोणाच्याच वहीत नाही.

कागद दुर्मीळ होता तेव्हा वहीत फक्त पक्कं लिहायचं यात शहाणपण होतं. गावठी शाळांतून पंतोजींनी मुलांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावली, पुढे दगडी पाटी आली. शिकणं पुसता येईल अशा जागी व्हायचं आणि टिकवायचं तेवढंच कागदावर जायचं. कागद पुष्कळ झाला तरी ती सवय राहिली. रफ वही आणि फेअर वही हा भेद तिथूनच आला असावा. रफ वही म्हणजे मागच्या वर्षीच्या वह्यांची उरलेली पानं फाडून शिवलेली, कव्हर नाही, लेबल नाही, तिला कोणी हात लावत नाही. फेअर वहीला खाकी कव्हर, समास आखलेला, प्रश्न निळ्याने, उत्तर काळ्याने. मूल विचार करतं रफ वहीत, आणि आपण तपासतो फेअर. वर्ष संपलं की रफ वही रद्दीत जाते. मुलाच्या शिकण्याचा एकमेव पुरावा आपण दर एप्रिलला किलोच्या भावाने विकतो.

दप्तराच्या ओझ्याचा वादही काही परवाचा नाही. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात दप्तराखाली वाकलेल्या मुलांचा प्रश्न मांडला. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९९३ मध्ये तिचा ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल आला. दप्तराच्या वजनाची दखल समितीने घेतलीच, पण त्याहून घातक ओझं न समजण्याचं आहे, हे तिला सांगावंसं वाटलं. तीस वर्षांनी आपण कोरी पानं आणली तीही वजनासाठी आणि काढली तीही वजन कमी झालं नाही म्हणून. शारीरिक ओझं क्षुल्लक आहे असं मी मुळीच म्हणत नाही. २०२० च्या दप्तर धोरणाने मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि ती पाळलीच पाहिजे. आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ मी पाहिले आहेत. पण त्या मुलाच्या दप्तरातली वही हलकी केली आणि तिच्यातला मजकूर त्याला परकाच राहिला, तर यशपाल समितीने सांगितलेलं ओझं खांद्यावरून उतरलं का? ते वजनकाट्यावर दिसत नाही. दिसलं तर डाव्या पानावरच दिसतं.

‘माझी नोंद’ची पानं मुलांनी का वापरली नाहीत याचं उत्तरही इथेच आहे. मुलांनी ती पानं उघडली तेव्हा पहिला प्रश्न विचारला, ‘बाई, यावर काय लिहायचं?’ आम्ही सांगितलं, महत्त्वाचे मुद्दे लिहा, अवघड शब्द लिहा. म्हणजे पुन्हा जमाच. ती पानं तपासायची तर पुस्तकं गोळा करावी लागत, आणि पुस्तकं गोळा केली तर मुलं घरी वाचणार कशातून? म्हणून ती पानं कोणी तपासली नाहीत, आणि जे कोणी बघणार नाही ते मुलं लिहीत नाहीत. मोठी माणसंही लिहीत नाहीत. मूल कोरं पान पाहून लिहायला लागत नाही, त्याचं लिहिलेलं वाचायला कोणी उत्सुक आहे हे कळलं की लागतं.

आता आक्षेपांकडे वळते. ते मी स्टाफरूममध्ये ऐकले आहेत, सहकाऱ्यांनी कळवळ्याने मांडलेले आहेत, आणि त्यातले काही अगदी खरे आहेत.

पहिला आक्षेप कमकुवत मुलांचा. मोकळं पान हुशार मुलाला पंख देतं, ज्याला धड वाचता येत नाही त्याला ते घाबरवतं. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या तिघांचा २००६ मधला लेख शिक्षणशास्त्रात गाजला, तो याच मुद्द्यावर: नवशिक्या मुलाला कमीत कमी मार्गदर्शन देऊन ‘तू शोध’ म्हणणं त्याच्या हिताचं नसतं, त्याला स्पष्ट शिकवावं लागतं. मला हे पटतं. पण म्हणूनच उजवं पान आहे. आधी नीट शिकवायचं, उदाहरण सोडवून दाखवायचं, ते उजवीकडे लिहून घ्यायचं, आणि मग डावीकडे वळायचं. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे अहवाल २००५ पासून सांगत आले आहेत, की ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. ही मुलं लपतात कुठे? फेअर वहीत! फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी हुबेहूब उतरवणारा, सुंदर वही असलेला आणि त्यातली एक ओळ वाचता न येणारा मुलगा प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला भेटलेला असतो. मलाही भेटला, चौथीत, आणि तीन वर्षं त्याच्या वहीवर ‘छान’ लिहिलेलं होतं. त्याच्या डाव्या पानावर पहिल्या आठवड्यात फक्त चित्रं होती, तेव्हा कळलं. मग तो बोलायचा आणि मी त्याचंच वाक्य त्याच्या पानावर लिहून द्यायचे, तो ते वाचायचा. त्याने वाचलेलं पहिलं अखंड वाक्य त्याचं स्वतःचं होतं, त्यांच्या शेळीबद्दल.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. उजवं-डावं पान या नेमक्या मांडणीवरचे अभ्यास छोटे आहेत, बरेचसे एखाद-दुसऱ्या वर्गातले आहेत, हे मान्य. वहीचा आराखडा बदलला की निकाल उंचावतो, असा दावा मी करणार नाही. पण त्या मांडणीच्या मुळाशी असलेली गोष्ट चांगली तपासलेली आहे. १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी दाखवलं की नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः जुळवून काढलेला शब्द जास्त लक्षात राहतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तसे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या वर्गात उतरवून घेण्याचा तास संपला की मुलांना सगळं ‘येतं’, आणि सोमवारी काही आठवत नाही, याचं कोडं ज्यांना पडतं त्यांनी या निकालाकडे जरूर पाहावं. डाव्या पानाचं सगळ्यात साधं काम हेच असू शकतं: पान झाक आणि काय आठवतं ते लिही.

वेळ आणि पटसंख्या हा आक्षेप मात्र थेट आमच्या हाडामांसाचा आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. प्रत्यक्षात कुठे दोन वर्ग एका शिक्षकाकडे, कुठे एका वर्गात पन्नास-साठ मुलं, आणि मध्येच निवडणुकीचं नाहीतर सर्वेक्षणाचं काम. इतक्या मुलांची स्वतंत्र पानं वाचायची कधी? मी रोज आठ वह्या घेते, आठच. एका डाव्या पानाला दोन मिनिटं धरली तर सोळा मिनिटं. पाच दिवसांत चाळीस मुलं होतात. साठ असतील तर आठवड्याऐवजी दीड आठवडा लागेल. आणि उजवी पानं? ती मी तपासणं जवळजवळ सोडून दिलं आहे, शेजारची दोन मुलं वह्यांची अदलाबदल करून फळ्याशी ताडून पाहतात. फळ्यावरून उतरवलेली चाळीस एकसारखी उत्तरं शिक्षकाने लाल पेनाने तपासण्यात जो वेळ जातो, त्याचा हिशेब आपण कधीच मागत नाही. त्या चाळीस पानांतून शिक्षकाला नवीन काय कळतं? माझाच मजकूर, माझ्याच चुकांसकट, चाळीस वेळा.

पैशाचा आणि कलाकुसरीचा मुद्दा मला लवकर संपवायचा आहे. ही पद्धत आपल्याकडे काही खाजगी शाळांतून आली ती कात्री-गोंदाच्या रूपात. रंगीत कागदाच्या घड्या, उघडणाऱ्या खिडक्या, इंटरनेटवरून छापून आणलेले तयार नमुने. खिडकी उघडली की आत पुस्तकातली व्याख्या. त्यात हात राबले, डोकं नाही. आणि बऱ्याच घरांत हातही आईचेच राबले. तो खर्च करूच नये. शंभरपानी वही आणि पेन्सिल यापलीकडे या कामाला काही लागत नाही.

सगळ्यात जड आक्षेप शेवटी ठेवला आहे, कारण त्याची भीती मलाही वाटते. आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट परिपत्रकात गेली की तिचा रकाना होतो. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून त्याच्याबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहायची, किती सुंदर कल्पना होती ती! दोन वर्षांत बाजारात तयार नोंदी मिळू लागल्या, विषयवार, इयत्तावार. ‘आपले विचार स्पष्टपणे मांडतो’, ‘प्रयोगाचे साहित्य व्यवस्थित हाताळतो’. वर्गात न बोलणाऱ्या मुलालाही ‘स्पष्टपणे मांडतो’ लागलं. विज्ञानाच्या प्रयोगवहीचं तर कित्येक पिढ्यांपूर्वीच असं झालं. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष हे सगळं मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून, आकृतीतल्या छायेसकट. कोणी परीक्षानळी हातात न धरता तिच्यातल्या द्रवाचा रंग बदलतो. मग डाव्या पानाचं काय होईल? ‘डावे पान : नमुना उत्तरे’ अशी पुस्तिका निघणार नाही कशावरून?

निघेल. शासनाने उद्या आदेश काढला की सर्व शाळांनी डावं पान भरून घ्यावं आणि केंद्रप्रमुखांनी त्याची टक्केवारी पाठवावी, तर महिन्याच्या आत निघेल. म्हणून असा आदेश मी मागत नाही. माझं म्हणणं उलट आहे: प्रयोगवही बुडाली ती तिच्यात मुलाला चुकायची मुभा नव्हती म्हणून. निष्कर्ष आधीच ठरलेला, तो आला तर गुण, नाही आला तर ‘पुन्हा करा’. मग कोण खरं निरीक्षण लिहील? आपल्या शेजारी मध्य प्रदेशात हे वेगळ्या रीतीने करून पाहिलं गेलं आहे. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत १९७२ मध्ये विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो शेकडो शाळांत पोचला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरं नव्हती. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करायचे, जे दिसलं ते आपल्या वहीत लिहायचं, गटागटांचे आकडे जुळले नाहीत की वर्गात त्यावर वाद घालायचा. आणि परीक्षेला पुस्तक-वही सोबत नेता येई. परीक्षेत प्रश्न असे विचारायचे की वही उघडी असूनही विचार करावा लागेल. वहीत प्रामाणिक नोंद असणं हे मुलाच्याच फायद्याचं झालं, कारण परीक्षेत तीच कामाला येणार. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षं सरकारी शाळांत, गरीब मुलांच्या वर्गांत, साध्या शिक्षकांनी तो चालवला, ही गोष्ट ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांनी समोर ठेवायला हवी.

आपल्याकडे तर त्यासाठी दारही उघडं आहे. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत वर्गकार्य आणि स्वाध्याय आहे, पुस्तकासह चाचणीही आहे. किती शाळांत ती चाचणी होते? ‘वही उघडी ठेवून सोडवा’ म्हटलं की पालक येतात, विचारतात, मग अभ्यास कसला? त्यांची काळजी मी समजू शकते, दहावीला वही उघडी मिळणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण ज्या मुलीला २/५ चं कोडं पाचवीत सुटलं तिला दहावीत ते पाठ करावं लागणार नाही, आणि जिला सुटलं नाही तिला दहावीत पाठ करूनही उपयोग होणार नाही. हे पालकसभेत मी भाकरीची ती तीन चित्रं दाखवून सांगते. दरवेळी कोणीतरी बाप मागच्या बाकावरून म्हणतो, आमच्या वेळी हे असं कोणी विचारलंच नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वही तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी अक्षर, समास आणि सह्या पाहून झाल्यावर एक डावं पान वाचावं, आणि ते लिहिणाऱ्या मुलाशी पाच मिनिटं बोलावं. प्रशिक्षणात आम्हाला पीपीटी दाखवण्याऐवजी मुलांची खरी पानं द्यावीत आणि विचारावं, या मुलाला उद्या काय विचाराल? चुकीच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणं हे कौशल्य आहे, ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, आणि ‘२/५ जास्त की अर्धी’ एवढं साधं वाक्य सुचायला मला वीस वर्षं लागली. आणि सगळ्यात मोठी मागणी माझी माझ्याच सहकाऱ्यांकडे आहे. डाव्या पानावर लाल पेन नको. तिथे आपण पेन्सिलीने लिहू, प्रश्न लिहू, मुलाने खोडलं तरी चालेल असं लिहू.

जूनमध्ये नवीन पाचवी आली. वह्यांना कव्हरं घालून झाली, लेबलं चिकटवून झाली, उजवं-डावं समजावून झालं. एक मुलगा पहिल्याच डाव्या पानावर काहीतरी लिहून, त्यावर हात ठेवून बराच वेळ बसला होता. मी जवळ गेले तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात खोडरबर होतं.

‘बाई, चुकलंय. खोडू?’

‘नको,’ म्हटलं, ‘राहू दे. त्याच्याखाली लिही.’